रविवारी खोकला नसायचा

गाडीला रंग मारणाऱ्याला पावसाळा नकोसा असतो. हवेत दमटपणा असला की रंगावर पांढरट झाक येते, चिलटं येऊन ओल्या कोटावर चिकटतात, आणि हार्डनरचा डबा चुकून उघडा राहिला तर काही दिवसांत आतला माल दगड होतो. महागाचा डबा सरळ भंगारात. शेठ ओरडायचे, म्हणून आम्ही डब्याच्या तोंडाला मास्किंग टेपचे वेढे देऊन ठेवायचो. हार्डनरला पाणी चालत नाही, ओलावा मिळाला की तो जमतो, एवढी केमिस्ट्री गॅरेजातल्या पोराटोरांनाही येत होती. माणसाच्या छातीत आत सगळा ओलावाच असतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

मी मूळचा तासगाव तालुक्यातला. १९९८ साली दहावीला गणितात आपटलो आणि मामाच्या ओळखीने भोसरीतल्या एका गॅरेजात डेंटिंग-पेंटिंगच्या कामाला लागलो. पहिलं वर्ष नुसतं घासकाम. लांबी भरून वाळलेला भाग पाण्यात भिजवलेल्या पेपरने घासत बसायचं, बोटांची सालं निघेपर्यंत. डोळ्यांना न दिसणारा खड्डा तळहाताला कळायला लागला की घासणारा तयार झाला असं समजायचं. दुसऱ्या वर्षी मास्किंग, तिसऱ्या वर्षी प्रायमर, आणि टॉप कोटची गन हातात यायला पाचवं वर्ष उजाडलं.

माझे उस्ताद मिरजेचे. हात असा की बोनेटवर गन फिरवताना मनगट हलायचं नाही, सगळा माणूस सरकायचा. पहिल्या आठवड्यात थिनरच्या वासाने माझं डोकं भणभणलं, दुपारचा डबा ओकून टाकला. उस्ताद हसले. म्हणाले, "हुईल की रं सवय. सगळ्यास्नी हुतीया."

आणि झाली सवय. थिनरची झाली, कॉम्प्रेसरच्या आवाजाची झाली, हिवाळ्यात भेगाळलेल्या बोटांना झोंबणाऱ्या पाण्याची झाली. आमच्या धंद्यात शिक्षण म्हणजे निम्मं हाताला वळण आणि निम्मं अंगाला सवय. ज्याला सवय होत नाही तो कच्चा. त्यामुळे पुढे जे झालं ते समजायला मला आणि उस्तादांना इतकी वर्षं का लागली, याचं उत्तर त्या एका शब्दात आहे. या दुखण्यात शरीर सवय करून घेत नाही. ते उलट्या दिशेने जातं. वर्षानुवर्षं मुकाट सोसतं, आणि एके दिवशी ठरवतं की आता हा पदार्थ आपला वैरी. त्यानंतर चमचाभर पुरतो.

मी लागलो तेव्हा आमच्याकडे एनसी रंग चालायचा, ज्याला लोक सरसकट ड्यूको म्हणत. थिनर उडून गेला की तो वाळायचा. मग घासा, कंपाउंड लावा, पॉलिश करा, तेव्हा कुठे चमक. दोन-तीन वर्षांत ती उतरायची आणि पुन्हा गिऱ्हाईक दारात. मग टू-के आला. टू-के म्हणजे दोन डब्यांचा रंग: एकात क्लिअर, दुसऱ्यात हार्डनर, दोनास एक प्रमाण, वर थोडा थिनर. दोन्ही एकत्र केले की आत रसायनाचं लग्न लागतं आणि रंग वाळत नाही, पिकतो. पॉलिशची गरज नाही. काचेसारखी झळाळी, पेट्रोल सांडलं तरी डाग नाही. पहिल्यांदा एका काळ्या गाडीवर मी टू-के मारला आणि दाराच्या पत्र्यात समोरच्या वडापावच्या गाडीवरची पाटी वाचता आली, तो आनंद मला आजही आठवतो. आजारी पाडणाऱ्या त्या रंगावर माझं प्रेम होतं, हे कबूल करायला हवं.

ही झळाळी देणारं रसायन म्हणजे आयसोसायनेट. ऑटो बायर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९३७ साली त्यापासून पॉलियुरेथेन बनवण्याची वाट काढली, आणि आज ते गादीच्या फोमात आहे, चपलेच्या तळव्यात आहे, फ्रीजच्या भिंतीत आहे. शिरोलीला फाउंड्रीत कोअर शॉपमध्ये काम करणारा माझा मेहुणा वाळूला जो बाइंडर घालतो त्याच्या दोन भागांपैकी एका भागातही तेच. वस्तू तयार होऊन पक्की झाली की त्याचा त्रास नाही. आपण फोमच्या गादीवर निवांत झोपतो. त्रास होतो तो ते कच्चं असताना, वाफेत किंवा तुषारात असताना, हाताळणाऱ्याला. फ्रान्समध्ये १९५१ सालीच अशा कामगारांना दमा होत असल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं होतं. मी जन्मण्याच्या तीस वर्षं आधी.

आमचा बूथ म्हणजे तीन बाजूंनी पत्रा, चौथ्या बाजूला प्लॅस्टिकचा पडदा आणि वर एक एक्झॉस्ट पंखा. पंख्याच्या पात्यांवर रंगाचे इतके थर बसलेले की तो हवा ओढण्यापेक्षा ढवळायचाच जास्त. तोंडाला रुमाल, शेठनी कधी आणून दिला तर कागदी मास्क. मास्क आम्ही रंगापासून वाचायला लावत नव्हतो, वासापासून वाचायला लावत होतो. इथेच फसगत होती. वास यायचा तो थिनरचा. हार्डनरला म्हणावा असा वासच नसतो, निदान ज्या प्रमाणात तो माणसाला बाधतो त्या प्रमाणात तरी नाही. त्याच कुळातल्या टीडीआय या रसायनासाठी आपल्या फॅक्टरी कायद्यात हवेतली मर्यादा दिली होती ०.००५ पीपीएम, म्हणजे हवेच्या एक अब्ज भागांत पाच भाग. नाक एवढं हुशार नसतं. आम्ही गन मारून झाली की मास्क काढायचो आणि तिथेच उभे राहून बिडीवाला बिडी, चहावाला चहा घेत कोट कसा बसलाय ते न्याहाळायचो. डोळ्यांना धुकं विरलेलं दिसायचं. खरं तर बारीक तुषार चांगल्या बूथमध्येही पाचेक मिनिटं आणि साध्या खोलीत वीसेक मिनिटं हवेत तरंगत राहतो. म्हणजे आम्ही रुमाल लावून रंग मारत होतो आणि रुमाल काढून तो श्वासात घेत होतो.

२०११ च्या गणपतीआधीची गोष्ट. गणपती ते दसरा हा आमचा सुगीचा काळ. प्रत्येकाला गाडी नवी करून हवी असते. रोज दोन-दोन गाड्या फुल बॉडी. त्या दिवसांत मला रात्री आठ-नऊच्या सुमाराला थंडी वाजायला लागली. अंग मोडून यायचं, ताप भरायचा, कोरडा खोकला, छातीवर कुणी बसल्यासारखं. सकाळी उठावं तर घाम येऊन ताप उतरलेला. मी पुन्हा कामावर. आधी मलेरिया तपासला, मग टायफॉइड. गल्लीतल्या डॉक्टरांनी तीन वेळा अँटिबायोटिक दिलं. दिवाळीला गावी गेलो, आठ दिवसांत ठणठणीत. आईने तिच्या हातच्या काढ्याला श्रेय दिलं. परत येऊन दोन दिवस काम केलं आणि तिसऱ्या रात्री दोन गोधड्या घेऊन कुडकुडत पडलो.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जिना चढताना मध्ये थांबायला लागलो. वजन नऊ किलोंनी उतरलं. एक्स-रेत दोन्ही बाजूंना डाग. खोकला, ताप, वजन कमी, छातीत डाग: आपल्या देशात या चार गोष्टी एकत्र आल्या की डॉक्टरच्या हातून आपोआप टीबी लिहिला जातो. बेडक्यात जंतू सापडले नाहीत, तरीही. मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. जिथे टीबी एवढा आहे तिथे त्यांनी तोच विचार आधी करायला हवा. पण त्यांनी विचारलं होतं, "काय काम करता?" मी म्हणालो, "गॅरेजात आहे." त्यांनी कागदावर मेकॅनिक असं लिहिलं आणि पान उलटलं.

टीबीची औषधं सुरू झाली. लघवी शेंदरी व्हायची, पोटात मळमळ. भाड्याच्या दोन खोल्यांत माझं ताट-वाटी वेगळं झालं, मुलीला सासुरवाडीला पाठवलं, घरमालकीणबाई दारात उभ्या राहायच्या त्या उंबऱ्याबाहेरून बोलायला लागल्या. शेठनी दोन महिने घरी बसायला सांगितलं. आणि काय सांगू, मी बरा झालो! ताप गेला, खोकला गेला, वजन चार किलोंनी वाढलं. डॉक्टर खूश, मी खूश, घरच्यांनी जोतिबाला नारळ फोडला. औषधाला गुण आला असं सगळ्यांना वाटलं. गुण घरी बसण्याचा होता. दोन महिने मी बूथपासून लांब होतो, एवढंच त्याचं कारण, पण ते गोळ्यांच्या खाती जमा झालं. तिसऱ्या महिन्यात कामावर गेलो आणि आठवड्याभरात पहिल्यापेक्षा वाईट अवस्था. आता डॉक्टर म्हणाले, औषधाला दाद न देणारा टीबी असेल.

इथून मला बाहेर काढलं ते बायकोने. ती सहावीपर्यंत शिकलेली. एका सोमवारी रात्री मी खोकत बसलो असताना ती पाठ चोळता चोळता म्हणाली, "अहो, एक सांगू का? रविवारी तुम्ही खोकत नाही." मी म्हणालो, रविवारी आराम असतो म्हणून. ती म्हणाली, "तसं नाही. परवा रविवारी तुम्ही चुलतभावाच्या घराच्या स्लॅबला दिवसभर पाट्या उचलल्या. एकदा खोकला नाहीत." मग तिने कॅलेंडर काढलं. गॅसची टाकी, दुधाचा हिशेब ज्या कॅलेंडरवर लिहायची त्यावरच तिने माझ्या तापाच्या रात्रींना बारीक फुली केली होती. चार महिन्यांच्या फुल्या. रविवार बहुतेक कोरे. गॅरेजला सुट्टी होती ते दिवस कोरे. मे महिन्यात कॉम्प्रेसर बिघडला होता ते पाच दिवस कोरे.

ते कॅलेंडर घेऊन आम्ही पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पाठीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. म्हणाल्या, श्वास घेताना आत वेल्क्रोची पट्टी सोडवल्यासारखा आवाज येतोय. मग पहिला प्रश्न, "घरी कबुतरं आहेत का?" मी गोंधळलो. पोपट? कोंबड्या? एअर कूलर? भिंतीला ओल, बुरशी? नाही, नाही, नाही. "मग कामाचं सांगा. गॅरेज म्हणजे काय? सकाळी गेल्यापासून हातात काय काय धरता ते सांगा." त्या प्रश्नाला मी अर्धा तास उत्तर दिलं असेल. इतक्या वर्षांत माझं काम कुणी एवढं नीट ऐकून घेतलं नव्हतं. हार्डनरचं नाव काढल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, उद्या तो डबा घेऊन या, रिकामा असला तरी चालेल.

पुढे त्यांनीच मला सांगितलं की इटलीत रामाझिनी नावाचे वैद्य होते, त्यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं आणि वैद्यांना बजावलं की रोग्याला त्याचा धंदा विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. म्हणजे हा प्रश्न तीनशे वर्षं जुना. माझ्यापर्यंत पोहोचायला त्याला दोन वर्षं आणि पाच डॉक्टर लागले.

तपासण्या झाल्या. नळीत फुंकलो, फुप्फुसाची ताकद असायला हवी त्याच्या ६० टक्क्यांच्या आसपास. बोटाला चिमटा लावून सहा मिनिटं चालवलं, ऑक्सिजन ९५ वरून ८७ वर आला. दुर्बीण घालून फुप्फुस धुतलं आणि ते पाणी तपासायला पाठवलं. स्कॅनच्या रिपोर्टात ग्राउंड ग्लास असा शब्द होता. मी विचारलं, म्हणजे काय? म्हणाल्या, घासलेली काच, धुरकट. यापुढे मला कुणी समजावण्याची गरज नव्हती. पहिलं वर्षभर मी तेच तर केलं होतं, चकचकीत पृष्ठभाग घासून धुरकट करायचं काम. फक्त यावेळी ते माझ्या आत झालं होतं आणि त्यावर क्लिअर मारायची सोय नव्हती.

रोगाचं नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. मराठीत त्याला घरगुती नाव नाही, आणि नाव नसलेल्या दुखण्याची दखल कोण घेतो? इंग्लंडात १९३२ साली बुरसटलेलं गवत हाताळणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये ते नीट ओळखलं गेलं, म्हणून त्याला शेतकऱ्याचं फुप्फुस म्हणाले. मग कबुतरं पाळणाऱ्याचं फुप्फुस, आणि माझ्यासारख्यांसाठी केमिकल कामगाराचं फुप्फुस. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते माझ्या भाषेत असं: आयसोसायनेट ओल्या फुप्फुसात जाऊन तिथल्या प्रथिनांना चिकटतं. शरीराला आपलंच प्रथिन अनोळखी वाटायला लागतं. मग राखण करणाऱ्या पेशी चोर समजून घरच्या माणसालाच झोडपतात. पुष्कळांना यातून दमा होतो, श्वासनळ्या आवळतात. माझ्यासारखे कमी, ज्यांच्या फुप्फुसाच्या टोकांशी, हवेच्या बारीक पिशव्यांत सूज येते. काम झाल्यावर चार ते आठ तासांनी ताप का येतो तेही कळलं. दुपारी गन, रात्री गोधडी.

माझे बाबा तेव्हा सोबत होते. आयसोसायनेट हा शब्द ऐकून ते दचकले. म्हणाले, "भोपाळला होतं ते हेच का?" २ डिसेंबर १९८४ ची रात्र त्यांच्या पिढीच्या कानात अजून आहे. बाई म्हणाल्या, ते मिथाइल आयसोसायनेट, वाफ होऊन गावभर पसरणारं. हे त्याच्यापेक्षा जड. आडनाव एक, घर वेगळं. तरी गावाकडे बातमी पोहोचली ती 'पोराला भोपाळचा गॅस लागला' अशीच.

उस्ताद भेटायला आले. त्यांचं म्हणणं साधं होतं: आम्ही सात जण तोच रंग मारतो, मग तुलाच कसं झालं? तुझ्याच अंगात खोट. हा प्रश्न मीही विचारला होता. त्याचं उत्तर असं की ॲलर्जी कुणाला धरेल हे आधी सांगता येत नाही. आणि एक गंमत डॉक्टरीणबाईंनी नाइलाजाने सांगितली होती. हा विशिष्ट आजार बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत कमी दिसतो. हे लिहावं की नाही असा मी विचार केला, पण खरं आहे ते खरं. उस्तादांना सांगितलं तर ते इतके हसले की त्यांनाच ठसका लागला आणि तो थांबेना. बिडीने त्यांना दुसऱ्या मार्गाने गाठलं होतं. रात्री उशाशी पंप घेऊन झोपत होते, आणि त्याला ते वय म्हणत.

उपचार दोन. स्टेरॉइडच्या गोळ्या, आणि रंगापासून कायमचं लांब. गोळ्या नऊ महिने घेतल्या. तोंड पुरीसारखं फुगलं, साखर वाढली, भूक अशी की रात्री दोनला उठून चपाती-गूळ खायचो. ते जमलं. दुसरा उपचार अवघड. चांगला मास्क लावून चालेल का, असं मी तीन वेळा विचारलं. बाहेरून ताजी हवा पुरवणारा नळीचा मास्क असतो, तोच या कामाला खरा. कोळशाच्या डब्यांचा मास्क कधी निकामी झाला ते वास नसल्यामुळे कळत नाही. पण हे सगळं अजून आजारी न पडलेल्यांसाठी. एकदा शरीराने वैर धरलं की शेजारच्या बूथमधून आलेला कणही पुरतो. बाई म्हणाल्या, "तुम्हाला धंदा सोडावा लागेल." बत्तीस वर्षांच्या माणसाला, ज्याच्या डोक्यावर सोसायटीचं सव्वा लाखाचं कर्ज आणि ज्याच्या हातात एकच कला, त्याला हे वाक्य औषधासारखं लिहून दिलं.

मग नातेवाइकांची सल्लासभा बसली. मामा म्हणाले, गावी पोल्ट्री टाक. डॉक्टरीणबाईंना फोन केला; नको, पक्ष्यांच्या पिसांनी आणि विष्ठेने हाच आजार होतो. चुलते म्हणाले, मग गोठा कर, चार म्हशी घे. तिथेही भिजून बुरसटलेल्या वैरणीची भीती. पिठाची गिरणी? पिठाने दमा होतो, बेकरीवाल्यांत तो जुना आहे. भाऊजींचं गुऱ्हाळ होतं, त्यांनी भागीदारीला बोलावलं. उसाच्या साठवलेल्या, बुरशी आलेल्या चिपाडाच्या धुळीने होतो तो बॅगॅसोसिस, आणि त्याचं नाव नुकसानभरपाईच्या कायद्याच्या यादीतसुद्धा आहे! शेवटी आई वैतागून म्हणाली, "त्या बाईला विचार, श्वास घेतलेला चालतोय का." आम्ही सगळे हसलो. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की गावाकडची जी माणसं चाळिशीनंतर 'दम लागतो' म्हणून ओट्यावर बसून असतात, त्यांच्यातल्या कितीजणांना कुणी त्यांचा धंदा विचारला असेल?

शेठबद्दल थोडं. माणूस वाईट नव्हता. दवाखान्यात दोनदा स्वतःच्या गाडीतून घेऊन गेले, तीस हजार रुपये दिले. पण गॅरेजात आम्ही चौदा जण होतो आणि कागदावर नऊ. दहा दाखवले की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागतो. त्या पाच माणसांच्या फरकात माझा औषधाचा खर्च, आजारपणाची रजा, भरपाई सगळं वाहून गेलं. फॅक्टरी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आयसोसायनेटची बाधा कळवण्याच्या रोगांमध्ये धरली होती. सापडला की डॉक्टरने फॅक्टरी इन्स्पेक्टरांच्या मुख्य कार्यालयाला कळवायचं. हे मला नंतर कळलं. जे गॅरेज कागदावर धड फॅक्टरीच नव्हतं, तिथला मी कुणाच्या वहीत येणार? तीस हजार देताना शेठनी एका कागदावर सही घेतली. मी न वाचता केली. ते वाचायला हवं होतं.

पुढे एका फेरतपासणीला बाईंनी सांगितलं की देशातल्या १९ शहरांतल्या २७ केंद्रांनी मिळून फुप्फुसाच्या अशा जुनाट आजारांच्या १,०८४ रुग्णांची नोंद केली. ती २०१७ साली प्रसिद्ध झाली आणि त्यात ४७ टक्के लोकांना हाच आजार निघाला. कूलर, कबुतरं, ओल हीच कारणं पुढे. २०२५ साली दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातली, लोकांनी ती फाडली, कोर्टकचेरी झाली, तेव्हा टीव्हीवर डॉक्टर या रोगाचं नाव घेऊन बोलत होते. मी बायकोला हाक मारून दाखवलं, बघ, आपला आजार टीव्हीवर. पिसांबद्दल बोलणारे दिसले हे चांगलंच झालं. हार्डनरबद्दल बोलणारा मात्र मला अजून दिसलेला नाही.

मी आता पत्रा काढतो. रंग न मोडता आतून सळईने दाबून पोचा काढायचं एक काम असतं. लाइटच्या पट्टीचं प्रतिबिंब पत्र्यात बघत, दाण्यादाण्याने दाबायचं. गारपीट झाली की भरपूर काम मिळतं, एरवी बेताचं. सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये, उघड्यावर करतो. घासकामाने शिकवलेला तळहात इथे उपयोगी पडला. फुप्फुस ७४ टक्क्यांवर येऊन थांबलंय. उरलेल्यात व्रण आहेत, ते जाणार नाहीत. सिंहगड चढत नाही, जोतिबाच्या पायऱ्या बसत बसत चढतो.

दोन वर्षांपूर्वी रंगाच्या दुकानात गेलो होतो, आत न जाता दारातूनच. काउंटरवर परदेशी हार्डनरचा डबा होता. त्याच्या पाठीवर इंग्रजीत बारीक अक्षरांत छापलं होतं की २४ ऑगस्ट २०२३ पासून हा माल कामासाठी वापरण्याआधी पुरेसं प्रशिक्षण घेणं आवश्यक. युरोपातला नियम. डबा तोच, इथे आलाय, मजकूरही आलाय. पोराने माझ्यासमोर तो पिशवीत टाकला आणि गिऱ्हाइकाला विचारलं, थिनर किती देऊ?

माझ्या जुन्या गॅरेजात आता नवा बूथ आहे, खालून हवा ओढणारा. तीन पोरं गन मारतात. मी त्यांना बाहेर चहाला बोलावून सांगतो, काही ऐकतात. नळीचा मास्क एकच आहे आणि तो सगळ्यात जुन्या पेंटरला मिळतो.

हे वाचणाऱ्यांत कुणी रंग मारत असेल, फोम ओतत असेल, कोअर शॉपमध्ये असेल, किंवा घरातलं कुणी असं काम करत असेल आणि त्याचा खोकला जात नसेल, तर दोन गोष्टी करा. खोकल्याचे आणि तापाचे दिवस कॅलेंडरवर फुली मारून ठेवा, सुट्टीचे दिवसही दाखवा. आणि डॉक्टरकडे जाताना 'गॅरेजात आहे', 'कंपनीत आहे' असं सांगू नका. हातात काय धरता ते सांगा, आणि डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो काढून न्या.